विंडोज १० नंतर काय? जुन्या घरच्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडायची आणि कशी टाकायची



१४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून अमरावतीत ओळखीपाळखीचं कोणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, हा कॉम्प्युटर आता भंगारात द्यायचा का जी?"

बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच असतं. पण पुढचा प्रश्न, "मग कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू?", याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. आमच्याच नात्यातल्या तीन कॉम्प्युटरसाठी मी तीन वेगवेगळे निर्णय घेतले. ते कसे घेतले आणि इन्स्टॉल करताना कुठे जपावं लागतं, ते या लेखात सांगतो.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

कॉम्प्युटर बंद पडत नाही. विंडोज १० सुरू होते, फाइल उघडतात, प्रिंट निघते. थांबतं ते एकच: दर महिन्याला येणारे सुरक्षेचे अपडेट. विंडोजमध्ये नवीन कच्चा दुवा सापडला तर तो बुजवला जात नाही.

हे पहिल्यांदा होत नाहीये. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. दोन्ही वेळा लोकांनी वर्षानुवर्षं जुनीच विंडोज वापरली. आज फरक इतकाच की बँक, यूपीआय, जीएसटी, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं त्याच कॉम्प्युटरवर असतं. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाकता, त्यावर अपडेट न येणारी सिस्टीम ठेवू नका. नेट न जोडता फक्त जुनी गाणी ऐकायला ठेवला असेल, तर राहू द्या.

निवडण्याआधी तीन प्रश्न

"विंडोज चांगली की लिनक्स?" इथून सुरुवात केली की चर्चा भरकटते. त्याऐवजी कागद घ्या आणि हे तीन प्रश्न लिहा.

१. कोणत्या एका सॉफ्टवेअरशिवाय तुमचं काम अडतं? टॅली, कोरल ड्रॉ, पेजमेकर, डिजिटल सहीचं टोकन, फिंगरप्रिंटचं यंत्र, यातलं काही आहे का? असेल तर तुमची निवड जवळपास झालीच, विंडोज. कारण यातली सॉफ्टवेअरं आणि बऱ्याच यंत्रांचे ड्रायव्हर विंडोजसाठीच बनवलेले असतात.

२. मशीन किती जुनं आहे? सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेल आय३, आय५ किंवा आय७ असेल तर पुढचा आकडा पाहा. आय५-४४४० म्हणजे चौथी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय५-१०२१० म्हणजे दहावी. रॅम किती, तेही तिथेच दिसतं.

३. अडलं तर कोणाला हाक मारणार? हा प्रश्न लोक विसरतात. घरात वापरणारी व्यक्ती साठीच्या पुढची आहे आणि मदत करणारा पोरगा पुण्यात नोकरीला आहे, तर त्या पोराला जी सिस्टीम येते तीच बरी. फोनवरून समजावून सांगता आलं पाहिजे.

आता पर्याय एक एक करून पाहू.

पर्याय पहिला: विंडोज ११

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय आणि सिक्युअर बूट असलेला मदरबोर्ड, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळ मानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिका किंवा त्यापुढची. ४ जीबी रॅमवर ती चालते, पण रखडत. ८ जीबी असली तर सुखाने काम होतं.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं की तुमचा कॉम्प्युटर बसतो की नाही ते कळतं. कधी कधी टीपीएम नाही असं दाखवतं, पण ते मदरबोर्डमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा, चालू करा, पुन्हा तपासा.

माझ्या भाचीचा लॅपटॉप दहाव्या पिढीचा आहे. तिच्या बाबतीत विचार करायला फारसं काही नव्हतंच. विंडोज अपडेटमधून थेट विंडोज ११ घेतली. फाइल, सॉफ्टवेअर सगळं जागच्या जागी राहिलं. असल विंडोज १० असेल तर या अपग्रेडचे पैसे लागत नाहीत.

यादीत न बसणाऱ्या जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकता येते. रुफस नावाचं सॉफ्टवेअर ती तपासणी टाळणारा पेनड्राइव्ह बनवून देतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आपण सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय, तर हमी नसलेल्या वाटेने जाण्यात अर्थ नाही. हौस म्हणून करायचं असेल तर करा, हिशोबाच्या कॉम्प्युटरवर नको.

पर्याय दुसरा: विंडोज १० वरच आणखी थोडे दिवस

माझे मामा अकोल्याला जठारपेठेत राहतात. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर टॅली आहे, जीएसटीचे रिटर्न त्यावरून भरतात. मशीन सहाव्या पिढीचं, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत नाही. मी लिनक्सचं नाव काढल्याबरोबर मामा म्हणाले, "बाप्पा, टॅली चालली पाह्यजे. बाकी तुले काय करायचं ते कर." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला न विचारता दिलं होतं.

अशांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. तिचं नाव ईएसयू. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. नोंदणी तीन प्रकारे होते: विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज खात्याशी सिंक करून, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलर इतकी रक्कम एकदा भरून. सिंक करण्याच्या प्रकारात पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते.

हा कायमचा उपाय नाही, थोडी सवड आहे. मामांशी ठरलं ते असं: तोवर पैसे बाजूला ठेवायचे आणि आठव्या पिढीच्या पुढचं मशीन घ्यायचं. नवं परवडत नसेल तर रिफर्बिश्ड चालेल, पण घेताना पिढी तपासूनच. दुकानदार "आय५ आहे" एवढंच सांगतो. कितव्या पिढीचा, ते आपण विचारायचं.

पर्याय तिसरा: लिनक्स

अमरावतीतला माझा स्वतःचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा. काम काय, तर ब्राउझर, मेल, पीडीएफ, मराठीत लिहिणं, आईचे यूट्यूबवरचे कीर्तनाचे व्हिडिओ. विंडोजशिवाय अडेल असं यात काहीच नाही. इथे मी लिनक्स मिंट टाकली.

लिनक्स मोफत आहे आणि तिचे प्रकार शेकडो आहेत. नवीन माणसाला मी मिंटच सुचवतो, कारण खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणजे विंडोजच्या सवयीच्या हाताला फार शिकावं लागत नाही. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, ४ जीबी असली तर बरं. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम कमी असेल तर तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, एरवी सिनॅमन.

सी-डॅकची बॉस लिनक्सही आहे. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, २००७ पासूनची, डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांचा विचार करून बनवलेली. पण घरी अडलं की उत्तर शोधायला मिंट आणि उबुंटूबद्दलची माहिती कितीतरी जास्त सापडते. तिसरा प्रश्न आठवा.

फक्त ब्राउझरच लागत असेल तर गूगलची क्रोम ओएस फ्लेक्स हाही एक मार्ग आहे. मात्र तिच्यात अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत आणि ती डिस्कवर विंडोजसोबत राहत नाही, सगळी डिस्क घेते.

लिनक्सवर काय अडतं तेही सांगायला हवं. टॅली त्यावर थेट चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस नाही, लिबर ऑफिस आहे. साधी पत्रं आणि एक्सेलचे तक्ते उघडतात, पण मॅक्रो असलेल्या फाइलचा भरवसा नाही. प्रिंटर आधी तपासा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज चालतात, पण गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर बसवणं किचकट काम आहे.

मराठी टायपिंगचं काय?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय सिस्टीम बदलू नका. युनिकोडमध्ये लिहीत असाल तर दोन्हीकडे अडचण नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो आणि फोनेटिकही. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये लेआउट जोडताना मराठी शोधा. इनस्क्रिप्टही आहे आणि इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कगप फोनेटिकही आहे.

लिनक्सवर मराठी अक्षरं नीट दिसण्यामागे पुण्याचाही हात आहे. श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फाँट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुले केले.

अडचण जुन्या फाइलची आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, ठराव, अर्ज असतील तर तो फाँट नसताना त्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. आधी ते फाँट कॉपी करून ठेवा, आणि महत्त्वाच्या फाइल आजच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बॅकअप: डी ड्राइव्हचा गैरसमज

आपल्याकडे एक समज पक्का आहे: फॉर्मेट मारला की सी ड्राइव्ह जातो, डी ड्राइव्ह सुरक्षित राहतो. दुकानात कॉम्प्युटर देतानाही आपण सांगतो, "डी ले हात लावू नका."

मीही हेच धरून चाललो होतो. काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिनक्स टाकताना "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" हा पर्याय निवडला. वाटलं, विंडोज जाईल, फोटो तर डी मध्ये आहेत. पण सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन खोल्यांत केलेली वाटणी असते. डिस्क पुसली म्हणजे अख्खं घर गेलं. बाबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचे सगळे फोटो त्यात होते. आज आमच्याकडे त्या दिवसाचा एकच फोटो आहे, तोही एका काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवला होता म्हणून. बाबा रागावले नाहीत, फक्त "राहू दे" म्हणाले. ते मला जास्त लागलं.

म्हणून सांगतो, बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेर असलेली प्रत. बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि ही यादी पुरी करा:

- डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. बहुतेकांच्या कामाच्या फाइल डेस्कटॉपवरच असतात, आणि तो सी ड्राइव्हमध्ये असतो.
- डी आणि ई ड्राइव्ह पूर्ण.
- टॅलीचा डेटा. टॅली प्राइममध्ये तो साधारणपणे सी ड्राइव्हच्या यूझर्स, पब्लिक या फोल्डरमध्ये असतो. फॉर्मेट करण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नव्या सिस्टीमवर ते चालू करताना अडकाल.
- ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क.
- डिजिटल सहीच्या टोकनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर.
- बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की. लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू असू शकतं. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ही की मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सापडते. कागदावर लिहून ठेवा.

कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार फाइल उघडून पाहा. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं.

डेस्कटॉप असेल तर सगळ्यात निर्धास्त मार्ग वेगळाच आहे. नवीन एसएसडी आणा, जुन्या हार्डडिस्कची वायर काढून ठेवा आणि नवी सिस्टीम एसएसडीवर टाका. जुनी डिस्क जोडलेलीच नाही, तर पुसली जाणार कशी? नाही जमलं तर वायर पुन्हा लावली की जुनी विंडोज हजर. माझ्या डेस्कटॉपवर मी आता असंच केलं. शिवाय हार्डडिस्कवरून एसएसडीवर गेलं की जुनं मशीन इतकं पळतं, की काही जणांना नवा कॉम्प्युटर घेण्याची गरजच उरत नाही.

इन्स्टॉल करताना, टप्प्याटप्प्याने

१. लाइटचा बंदोबस्त. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. पार्टिशन बदलताना किंवा बायोस अपडेट होताना लाइट गेली तर नुकसान होऊ शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत हे काम सकाळी करा, आणि आधी पंख्यातली धूळ साफ करून घ्या.

२. आयएसओ फाइल अधिकृत जागेवरूनच. विंडोजची मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून, मिंटची मिंटच्या साइटवरून. मिंटच्या पानावर फाइलचा चेकसम दिलेला असतो, तो जुळवून पाहा. कोणी पेनड्राइव्हवर दिलेली "फुल व्हर्जन" घेऊ नका.

३. पेनड्राइव्ह बनवा. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं. रुफस उघडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा.

४. पेनड्राइव्हवरून सुरू करा. कॉम्प्युटर सुरू होताच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, बोर्डावर एफ८.

५. मिंट असेल तर आधी न टाकता चालवून पाहा. पेनड्राइव्हवरूनच पूर्ण सिस्टीम सुरू होते, याला लाइव्ह मोड म्हणतात. वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा तपासा. पटलं तरच इन्स्टॉलवर क्लिक करा.

६. डिस्कच्या पानावर थांबा. सगळ्यात महत्त्वाचं पान हेच. डिस्कचं नाव आणि आकार वाचा. "डिस्क पुसा" म्हणजे सी, डी, ई सगळं. विंडोज ठेवायची असेल तर "विंडोजसोबत इन्स्टॉल करा" निवडा. त्यासाठी विंडोज आधीपासून असावी, आणि तिच्या पॉवर सेटिंग्जमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद केलेलं असावं.

७. विंडोज पुन्हा टाकत असाल तर प्रॉडक्ट की नाही म्हणून अडू नका. त्याच मशीनवर आधी असल विंडोज असेल, तर "माझ्याकडे की नाही" निवडा आणि तीच एडिशन घ्या. नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, कारण डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं.

८. झाल्याबरोबर आधी सगळे अपडेट घ्या, मग बॅकअपमधून फाइल परत आणा.

दुकानातून "विंडोज मारून" आणताना

सगळ्यांना हे घरी जमेलच असं नाही, दुकानात द्यायलाही हरकत नाही. पण परत आल्यावर एक गोष्ट तपासा. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. तिथे डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाल्याचं दिसलं तर ठीक. पण घरच्या कॉम्प्युटरवर "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने" अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर समजा की क्रॅक वापरलाय. घरी कुठली आली संस्था? असा क्रॅक चालवताना अँटीव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्यासोबत आणखी काय आत शिरलं ते कळायला मार्ग नसतो. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका. लायसन्सला पैसे नसतील तर लिनक्स मोफत आणि कायदेशीर आहे.

थोडक्यात

- आठवी पिढी किंवा त्यापुढचं मशीन: विंडोज ११.
- जुनं मशीन, पण विंडोजचं सॉफ्टवेअर हवंच: ईएसयूची नोंदणी, आणि तोवर दुसऱ्या मशीनची तयारी.
- जुनं मशीन, काम ब्राउझर आणि लिहिण्याचं: लिनक्स मिंट, जमलं तर एसएसडीसह.
- नेट न जोडलेलं मशीन: आहे तसं राहू द्या.

सिस्टीम कोणतीही टाका, ती चुकली तर पुन्हा टाकता येते. फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून आज रात्री बाकी काही नाही केलं तरी चालेल, बाहेरची हार्डडिस्क जोडा आणि कॉपी लावून द्या.